जपानमध्ये रस्त्यावर गाडे नसतात? फुकुओकाची गोष्ट वाचा

आपल्याकडे अतिक्रमण हटावची मोहीम निघाली, जेसीबीचे फोटो पडले, की खाली एक कमेंट ठरलेली असते. "जपानमध्ये जाऊन बघा म्हणावं, रस्त्यावर एक गाडा दिसत नाही." हे लिहिणाऱ्यांचा राग मी समजू शकतो. बसस्टँडसमोर चालायला जागा नाही हे खरंच आहे. पण जपानचं उदाहरण देताना निदान जपानचा इतिहास तरी बघावा, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

फुकुओका म्हटलं की आपल्या भागातल्या शेतकऱ्यांना मासानोबू फुकुओका आठवतात. नांगरणी नको, रासायनिक खत नको म्हणणारे. ते वेगळे, ते शिकोकू बेटावरचे आणि फुकुओका हे त्यांचं आडनाव. मी सांगतोय ते फुकुओका शहर. जपानच्या नैर्ऋत्येला क्यूशू नावाचं बेट आहे, त्यातलं हे सगळ्यात मोठं शहर. लोकसंख्या 16 लाखांच्या वर. पत्रकार मंडळींना हे नाव आणखी एका कारणाने माहीत असेल. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या पी. साईनाथ यांना 2021 साली फुकुओका ग्रँड प्राइझ मिळालं, ते याच शहराचं.

या शहरात पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला रात्री जेवायला कुठे जाऊ असं विचारावंसं वाटलं, तर बहुतेक जण त्याला बोट दाखवतात ते रस्त्यावरच्या गाड्यांकडे. तिथे त्यांना 'याताई' म्हणतात. (यातली ताई आपली ताई नव्हे. 'या' म्हणजे छप्पर किंवा घर आणि 'ताई' म्हणजे ओटा, फळी. छप्पर असलेला ओटा, इतका साधा अर्थ.) आज फुकुओकात असे साधारण 100 गाडे आहेत. तेन्जिन नावाच्या बाजारपेठेच्या भागात, नाकासू नावाच्या नदीतल्या बेटावर आणि बंदराजवळच्या नागाहामात. सगळे भर फुटपाथवर, आणि सगळे परवाना घेऊन.

आता हे झालं कसं, ते मागून सुरू करतो.

टोकियोचं जुनं नाव एदो. शोगुनांच्या काळात प्रत्येक सरदाराने ठराविक मुदतीने एदोत येऊन राहायचं, असा नियम 1635 मध्ये पक्का झाला. सरदार आला की त्याच्यासोबत शेकडो शिपाई, कारकून, नोकर. बायकापोरं गावी. त्यात 1657 साली एदोला प्रचंड आग लागली. लाखाच्या घरात माणसं गेली असं मानतात. मग शहर पुन्हा उभारायला गावोगावचे सुतार, गवंडी, हमाल आले. तेही एकटेच. म्हणजे शहर माणसांनी भरलेलं आणि घरी रांधणारं कुणी नाही. लाकडी खोल्यांत चूल पेटवायची म्हणजे पुन्हा आगीची भीती. मग खायचं कुठे? रस्त्यावर.

आज आपण ज्याला 'जपानी जेवण' म्हणून मान देतो, मोठ्या हॉटेलात हजारो रुपये मोजतो, त्यातलं बरंचसं असं गाड्यावर मोठं झालं आहे. तेम्पुरा, म्हणजे त्यांची भजीच म्हणा ना, ही घरात तळायची चीज नव्हती. उकळत्या तेलाचा भडका उडाला तर गल्ली जळेल, म्हणून ती बाहेर गाड्यावर. भाताच्या गोळ्यावर मासा ठेवलेली सुशी 1820 च्या दशकात एदोत आली, हानाया योहेई या माणसाला तिचं श्रेय देतात. ती लोक उभ्याउभ्या खायचे, आणि तिचा गोळा आजच्यापेक्षा चांगलाच मोठा असायचा. हमालाचं जेवण होतं ते, एका घासाची चैन नव्हे.

सरकारला हे आवडत होतं का? अजिबात नाही. 1686 साली शोगुनाने हुकूम काढला की रात्री विस्तव घेऊन फिरून नूडल्स विकायच्या नाहीत. कारण तेच, आग. आणि कारण खोटंही नव्हतं. पण हुकुमाने भूक बंद होत नाही. रात्रीचे सोबावाले त्यानंतरही पिढ्यान् पिढ्या फिरत राहिले. म्हणजे गाडा आणि सरकार यांचं भांडण जपानमध्ये सव्वातीनशे वर्षांहून जुनं आहे. आपण उगाच समजतो की हे फक्त आपल्याच नगरपालिकेचं दुखणं आहे.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. 1945. जपान हरला. शहरं बेचिराख. रेशनवर पोट भरत नव्हतं, तेव्हा जळक्या जागांवर काळाबाजार उभा राहिला आणि त्याच्या कडेने खाण्याचे गाडे. नवरा युद्धात गेलेल्या बायका, परत आलेले सैनिक, घर जळालेले लोक. ज्याच्याकडे एक भांडं आणि एक शेगडी आहे तो धंद्याला लागला. टोकियोत अशा गाड्यांचा पूर आला होता. मग 1949 साली मॅकआर्थरच्या मुख्यालयातून आदेश आला की राजधानीच्या रस्त्यांवरचे स्टॉल हटवा. हळूहळू ते हटले. काही जणांना आडबाजूच्या गल्ल्यांत जागा मिळाली, खोपटी उभी राहिली. शिंजुकूतल्या ज्या अरुंद गल्ल्यांत आज परदेशी पर्यटक फोटो काढत फिरतात, चार-सहा माणसांचे बार आणि धूर काढणारी यकितोरीची दुकानं, त्यांचं मूळ या काळ्या बाजारात आणि हटवलेल्या गाड्यांत आहे. पुढे 1964 चं ऑलिम्पिक आलं, शहर पाहुण्यांना दाखवायचं म्हणून आणखी साफसफाई झाली. टोकियोतला गाडा संपला असं नाही, पण तो कोपऱ्यात गेला. 'जपानमध्ये गाडे नसतात' हे जे आपण ऐकतो ते खरं तर टोकियोचं चित्र आहे. आणि तेही हटवल्यानंतरचं.

फुकुओकाचं वेगळं झालं.

एक तर हे शहर मुळातच जोडशहर. नाका नदीच्या एका बाजूला फुकुओका, किल्ल्याचं, सामुराईंचं. दुसऱ्या बाजूला हाकाता, व्यापाऱ्यांचं, बंदराचं. 1889 मध्ये दोन्ही एक केली, नाव फुकुओका ठेवलं, पण रेल्वे स्टेशनला आजही हाकाता म्हणतात. कोरिया समोरच, समुद्र ओलांडला की बुसान.

19 जून 1945 च्या रात्री अमेरिकन विमानांनी हे शहर जाळलं. आणि दोन महिन्यांनी युद्ध संपलं तेव्हा याच जळलेल्या शहराच्या बंदरावर माणसं उतरायला लागली. कोरिया, मांचुरिया, चीन इथे वसलेले जपानी, जे आता परत हाकलले गेले होते. एकट्या हाकाता बंदरातून सुमारे 13 लाख 90 हजार लोक परत आले. उलट दिशेने, जपानमध्ये राबवायला आणलेले कोरियन इथूनच बोटींत बसून मायदेशी गेले. फाळणीनंतरची आपली स्टेशनं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल.

या येणाऱ्या-जाणाऱ्यांनी या शहराला खायला शिकवलं. बुसानमध्ये जन्मलेले कावाहारा तोशिओ युद्धानंतर फुकुओकात आले, नाकासूमध्ये छोटं दुकान टाकलं आणि लहानपणी कोरियात खाल्लेली तिखट माशाची अंडी आठवून आठवून जपानी जिभेला मानवतील अशी करून 1949 पासून विकायला लागले. तीच 'मेन्ताइको', आज फुकुओकाची ओळख. त्यांनी कृती लपवून ठेवली नाही, मागेल त्याला सांगितली, म्हणून आज शहरात तिचे कितीतरी उत्पादक आहेत. आणि रामेन. डुकराची हाडं तासन् तास उकळून केलेला पांढरट, दाट रस्सा, 'तोन्कोत्सू'. त्याची सुरुवात शेजारच्या कुरुमे गावात 1937 साली झाली. तीही एका गाड्यावरच.

नागाहामाच्या गाड्यांवर तर रामेनची आणखी एक रीत तयार झाली. तिथे मासळी बाजार. बाजारातल्या माणसाला वेळ नाही, लिलाव सुरू होणार. म्हणून नूडल्स बारीक केल्या, लगेच शिजाव्यात म्हणून. पण बारीक नूडल्स रश्श्यात पडून राहिल्या की लगदा होतो. मग आधी थोड्या वाढायच्या, आणि संपल्या की उरलेल्या रश्श्यात ताज्या नूडल्सची नवी खेप टाकायची. त्याला 'काएदामा' म्हणतात. आज जगभरच्या रामेनच्या दुकानात ही पद्धत चालते. ती कुठल्या शेफने काढलेली नाही, घाईत असलेल्या कष्टकऱ्यांनी काढायला लावली.

टोकियोवर आला तसा हटवण्याचा दबाव इथेही आला. इथल्या गाडेवाल्यांनी संघटना केली, सरकारदरबारी हेलपाटे घातले, स्वच्छतेच्या अटी मान्य केल्या आणि धंदा टिकवला. 1960 च्या दशकात आणि त्याच्या आसपास शहरात 400 हून जास्त गाडे होते.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. आता कडू भाग.

शहर श्रीमंत झालं, तसे गाडे डोळ्यांत खुपायला लागले. तक्रारी कसल्या होत्या ते ऐका. सांडपाणी गटारात ओततात, वास येतो. फुटपाथ अडवतात, व्हीलचेअर जात नाही. गिऱ्हाईक दारू पिऊन आडोशाला लघवी करतं. दरपत्रक नाही, अनोळखी माणूस दिसला की जास्त पैसे लावतात. वीज कुठून घेतात विचारू नका. वाचताना आपल्याच गावची बातमी वाटते की नाही? मी अशा बातम्या किती वेळा लिहिल्यात याची मोजदाद नाही. आणि खरं सांगायचं तर यातली प्रत्येक तक्रार रास्त होती. गरिबाचा धंदा आहे म्हणून बाकीच्यांनी वास सहन करावा, हे मला कधीच पटलेलं नाही.

1990 च्या दशकाच्या मध्यात प्रशासनाने ठरवलं की नवा परवाना द्यायचा नाही. आहे तो परवाना त्या माणसापुरता. त्याच्यानंतर फक्त नवरा, बायको किंवा पोटचं मूल, तेही याच धंद्यावर जगत असेल तर. बाकी कुणाला नाही. वीस वर्षं भांडी घासून, रस्सा शिकून तयार झालेल्या कामगारालाही नाही. जेसीबी नाही, लाठी नाही, फोटो नाही. नुसतं थांबायचं. म्हातारे मरतील तसे गाडे कमी होतील. जपानी पद्धतीचं अतिक्रमण हटाव! आणि ते लागू पडलं. 2010 च्या सुमारास गाडे दीडशेच्या आसपास उरले होते, आणि मालकांची वयं बघता पुढचं गणित कुणीही करू शकत होतं.

नोव्हेंबर 2010 मध्ये ताकाशिमा सोइचिरो नावाचे 36 वर्षांचे गृहस्थ महापौर झाले. आधी स्थानिक टीव्हीवर निवेदक होते. त्यांच्या कारकिर्दीत शहराने उलटं वळण घेतलं. गाडे ही शहराची ओळख आहे, बाहेरचा माणूस त्यासाठी येतो, तेव्हा ते मरू द्यायचे नाहीत, पण आहेत तसे चालूही द्यायचे नाहीत. 2013 साली खास गाड्यांसाठी शहराचा कायदा आला. कायद्यात काय आहे? गाड्याची लांबी-रुंदी ठरलेली, साधारण 3 मीटर बाय अडीच मीटर. संध्याकाळी लावायचा, पहाटे 4 पर्यंत उचलायचा, आणि जागा धुऊन जायचं. पादचाऱ्याला ठराविक रुंदी मोकळी सोडायची. दर लिहून लावायचे. कच्चं काही वाढायचं नाही, जे द्यायचं ते शिजवून. म्हणजे जपानमध्ये जाऊन गाड्यावर कच्चा मासा मागितलात तर मिळणार नाही. आणि परवाना ज्याच्या नावावर, धंदा त्यानेच करायचा.

नव्या गाडेवाल्यांसाठी शहराने जाहीर अर्ज मागवले. कागदपत्रं, मुलाखत, निवड समिती. पहिल्या भरतीतले नवे गाडे 2017 पासून लागले. त्यात तरुण आले, निराळे पदार्थ आले. एक गाडा तर फ्रेंच माणसाचा आहे. नागाहामात गाडे जवळपास संपले होते, तिथेही नंतरच्या भरतीतून पुन्हा काही उभे राहिले.

पण मला या सगळ्यात कायद्यापेक्षा मोठी वाटते ती एक साधी गोष्ट. काही जागांवर शहराने फुटपाथखालून नळ आणि सांडपाण्याचा जोड दिला. गाडा आला, जोडला, धंदा केला, पहाटे काढला, गेला. ज्या तक्रारीवरून वर्षानुवर्षं भांडणं झाली, म्हणजे घाण पाणी, त्या तक्रारीचं उत्तर एका पाइपमध्ये होतं. आपल्याकडे गाडेवाल्याला 'घाण करतो' म्हणून दंड होतो. पण त्याने पाणी ओतायचं कुठे, हा प्रश्न मी आजवर एकाही सभेच्या इतिवृत्तात वाचलेला नाही.

आता कुणी म्हणेल, वा, आदर्श झालं सगळं. नाही झालं. परवाना एकाच्या नावावर आणि गाडा चालवणारा दुसराच, असे बरेच गाडे होते. नवा परवानाच मिळत नव्हता, तर माणूस दुसरं काय करणार? कायदा झाल्यावर अशांना काही वर्षांची मुदत दिली आणि मग बंद करायला लावलं. त्यात दरोडेखोर नव्हते, रोज रात्री शेगडीसमोर उभी राहणारी माणसं होती. काहींनी जाहीर भरतीत अर्ज केले. पण पंधरा वर्षं रामेन करणं वेगळं आणि समितीसमोर 'शहराच्या पर्यटनात तुमचं योगदान काय' याचं उत्तर देणं वेगळं. दुसरं, आता गाड्यासमोर जी रांग दिसते तिच्यात मोबाइल उंचावलेले पाहुणेच जास्त. दिवसभर राबून घरी जाताना दोन घास खाणारा हाकाताचा माणूस त्या रांगेत किती वेळ उभा राहील?

आता आपल्याकडचं बघू, कारण वर्षांचा योगायोग गमतीचा आहे. फुकुओकाचा कायदा 2013 चा, आणि आपल्या संसदेचा पथविक्रेता कायदा 2014 चा. आपला तर देशभराचा, आणि कागदावर त्यांच्यापेक्षा उदार. आधी सर्वेक्षण, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला हटवायचं नाही. दर 5 वर्षांनी पुन्हा मोजणी. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य स्वतः विक्रेत्यांनी निवडलेले, त्यातल्या एक तृतीयांश महिला. प्रमाणपत्र भाड्याने द्यायचं नाही. विक्रेता वारला किंवा कायमचा अपंग झाला, तर जोडीदार किंवा अवलंबून असलेलं मूल प्रमाणपत्राच्या मुदतीपर्यंत धंदा चालवू शकतं. फुकुओकाला भांडून, थांबून, अर्धे गाडे घालवून जे सुचलं, ते आपल्याकडे एकदम कायद्यातच आहे. तेव्हा पुढच्या वेळी 'जपानमध्ये बघा' म्हणणाऱ्यांनी आपल्या नगरपालिकेला एवढंच विचारावं: समितीची शेवटची बैठक कधी झाली, विक्रेत्यांची निवडणूक झाली का, आणि सर्वेक्षणाची यादी कुठे लावली आहे? माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो.

काही जणांची मुलं-मुली आयटीत आहेत, जपानला जाऊन-येऊन असतात. त्यांच्यासाठी गाड्यावर जेवायची रीत थोडक्यात सांगतो, ही पण इतिहासातूनच आलेली आहे.

गाड्यावर आठ-दहा जणांपुरता बाक असतो. पडदा बाजूला करून आत डोकवायचं, बोटाने किती जण ते दाखवायचं. जागा नसली तरी बसलेले लोक सरकून करतात, तुम्हीही नंतर आलेल्यासाठी सरका. चौघांत एक वाटी मागवून तासभर फोटो काढत बसू नका. माणशी काहीतरी मागवायचं, खायचं, उठायचं. गाडेवाल्याचं सगळं उत्पन्न त्या आठ-दहा जागांवर आहे. मोठी बॅग हॉटेलवर ठेवून या. गाड्याला संडास नसतो, आधी जाऊन या. रोख पैसे जवळ ठेवा. सुट्टीचा दिवस ठरलेला असा नाही, आणि जोराचा पाऊस-वारा असेल तर बरेच गाडे लागतच नाहीत.

शाकाहारींना स्पष्ट सांगतो, अवघड आहे. रामेनचा रस्सा डुकराच्या हाडांचा. गाड्यावरच्या ओदेनमध्ये मुळा, उकडलेलं अंडं, टोफू असं दिसेल आणि वाटेल हे चालेल, पण ते ज्या पाण्यात शिजतं त्यात बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. अंडं चालत असेल तर ऑम्लेट मिळतं, पण मेन्ताइको नको म्हणून आधी सांगा, नाहीतर आत माशाची अंडी निघतील. मांसाहारी असाल तर तेन्जिनच्या गाड्यांवर 'याकी रामेन' खा. रस्सा जवळपास आटवून तव्यावर परतलेल्या नूडल्स. हा पदार्थही दुकानातून गाड्यावर आलेला नाही, गाड्यावरून दुकानात गेलेला आहे.